माझ्या कोपराचा वर्गांक

पावसाळ्यात आमच्या वाचनालयाचं छत नेमकं धर्माच्या कपाटावरच गळतं. जुलैचा दुसरा आठवडा होता, आषाढी तोंडावर आलेली, आणि कोयनाकाठी तीन दिवस नुसतं ओतत होतं. सकाळी कुलूप काढून आत गेले तर त्याच, २०० अंकाच्या कपाटावर धार लागलेली. शिपाईमामा वारीला गेलेले. शिडी मीच लावली, वरच्या फळीवरच्या पोथ्या डाव्या हाताच्या बेचक्यात घेतल्या आणि उतरताना खालून तिसऱ्या पायरीवर पाय सटकला.

पोथ्या सोडायच्या नाहीत एवढंच डोक्यात, म्हणून उजवा हात एकटाच मागे गेला. तळवा फरशीवर, कोपर ताठ आणि वरून माझं बासष्ट किलोचं अंग. कोपरात दोन आवाज झाले. दोन हे पक्कं. पहिला ओली काटकी मोडावी तसा. मग मी कुशीवर वळून हात पोटाशी ओढला तेव्हा दुसरा, खट्, अडकलेला ड्रॉवर जागेवर बसावा तसा. पोथ्या कोरड्या राहिल्या.

गावातल्या दवाखान्यात एक्सरे निघाला. एक समोरून, एक बाजूनं. डॉक्टरांनी फिल्म खिडकीकडे धरली आणि म्हणाले, "रेडियसच्या डोक्याला बारीक चीर आहे. फारसं सरकलेलं नाही. कच्चं प्लास्टर घालू, झोळीत ठेवा, तीन आठवडे." मी दुसऱ्या आवाजाचं सांगितलं. "घाबरल्यावर असं वाटतं, ताई," म्हणाले. केसपेपरवर एकच ओळ: रेडियल हेड फ्रॅक्चर, उजवं. कोपराखाली हाडं दोन: अंगठ्याकडचं रेडियस, करंगळीकडचं अल्ना.

त्यांना बोल लावायला माझी जीभ फारशी उचलत नाही, कारण हेच काम मी तेवीस वर्षं करत आलेय. मी ग्रंथपाल आहे. पुस्तक हातात आलं की त्याचा विषय ठरवायचा, ड्यूईच्या दशांश पद्धतीनं अंक द्यायचा, पुठ्ठ्यावर चिठ्ठी चिकटवायची. ड्यूईत शस्त्रक्रिया ६१७. मोडलेली हाडं ६१७.१५, निखळलेले सांधे ६१७.१६. शेजारी शेजारी, पण वेगळे. आणि एखाद्या पुस्तकात दोन्ही विषय सारख्याच तोलाचे असले तर नियम असा, की आधी येणारा अंक द्यायचा. म्हणजे पुस्तक जातं ६१७.१५ ला, आणि त्यात सांध्यांवरही तितकीच पानं आहेत हे पुठ्ठ्यावरून कुणाला कळत नाही. ते कळावं म्हणून तालिकेत वेगळं कार्ड घालायचं असतं, 'हेही पाहा' असं. कामाच्या गर्दीत ते कार्ड राहून जातं. माझ्या कोपराचंही राहून गेलं.

पहिला आठवडा घरात गेला. डाव्या हातानं चमच्यानं जेवायचं. सासूबाईंना ते बघवेना, त्या भिंतीकडे तोंड करून जेवायच्या. सकाळी मात्र माझी वेणी त्याच घालायच्या. केस ओढून, घट्ट, शाळेतल्या मुलीसारखी. वेणी घालता घालता त्यांच्या माहेरच्या हाडवैद्याची महती चालायची. लेप लावतो, कामट्या बांधतो, आठवड्यात हात मोकळा. मी हो ला हो करत होते, कारण वेणी त्यांच्या हातात होती.

आठव्या दिवशी सूज उतरून प्लास्टर ढिलं झालं म्हणून बदलायला गेले. कंपाउंडरनं जुनं सोडलं आणि नवीन बंडल भिजवायला आत गेला. मी बाकावर बसलेले. सरकून नीट बसावं म्हणून सवयीनं दोन्ही तळवे बाकावर टेकले आणि अंग उचललं. अर्धं उचललं असेल नसेल, उजव्या कोपराची बाहेरची बाजू आतून सरकली. दुखण्याच्या आधी ते सरकणं कळलं. पाट पायाखालून निघावा तसं. कातडीवर बोटभर खळगा पडलेला मी स्वतः पाहिला. मग हात सोडला, आणि पुन्हा तोच आवाज. खट्.

डॉक्टर बाहेर आले. या वेळी "वाटतं" म्हणाले नाहीत. दोन ओळींची चिठ्ठी लिहून दिली आणि कराडला पाठवलं.

कराडच्या हाडांच्या दवाखान्यात जे सर होते त्यांनी माझ्या हाताला हात लावायच्या आधी माझ्याकडून जुनी फिल्म मागितली. उजेडाच्या पेटीवर बाजूचा एक्सरे लावला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. शेजारी त्यांची शिकाऊ डॉक्टर मुलगी होती, लातूरकडची, परीक्षेच्या तयारीत. तिला म्हणाले, "काय दिसतं?"

"रेडियल हेड, सर."

"आणखी?"

ती वाकून बघायला लागली. मीही. आठ दिवस ती फिल्म माझ्या घरात गादीखाली होती आणि मी ती चार वेळा उजेडात धरलेली. आता सरांच्या पेनाचं टोक जिथे थांबलं तिथे, सांध्याच्या पुढच्या बाजूला, हरभऱ्याच्या डाळीएवढा एक तिरका चिटका तरंगत होता. पांढरट, कुणाचाच नसल्यासारखा.

"हा कुठला?"

"हेडचा तुकडा?" ती म्हणाली.

"तो इतका पुढे आणि आतल्या बाजूला कसा येईल? अल्नाच्या कोरोनॉइडचा आहे हा. आणि इथे बघ," पेन मागे गेलं, "अल्ना आणि दंडाच्या हाडात फट किती आहे? इतकी नसते. सांधा लोंबतोय." मग पहिल्यांदा माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, पडल्यावर हात वाकडा दिसत होता का? आणि मग आपोआप बसला?"

मी दोन आवाजांचं सांगितलं. त्यांनी मान हलवली. "पहिल्या वेळी कोपर निखळलं, हाडं मोडली. दुसऱ्या वेळी तुम्ही हात ओढलात आणि ते जागेवर आलं. तुम्हीच बसवलंत. म्हणून एक्सरेत निखळलेलं दिसलं नाही."

तो दुसरा आवाज केसपेपरवर लिहिला गेला याचा मला जो आनंद झाला तो त्या परिस्थितीत शोभणारा नव्हता.

त्या आजाराचं नाव सरांनी इंग्रजीतच सांगितलं: टेरिबल ट्रायड. भयंकर त्रिकूट. हॉचकिस नावाच्या अमेरिकन शल्यविशारदानं १९९६ साली हे नाव रूढ केलं. तीन गोष्टी एकदम: कोपर मागे निखळणं, रेडियसचं डोकं मोडणं, अल्नाच्या कोरोनॉइडचं टोक तुटणं. आणि या तिन्हींच्या पोटात न सांगितलेली चौथी: बाहेरच्या बाजूचं लिगामेंट, म्हणजे हाडांना बांधून ठेवणारा पट्टा, फाटणं. भयंकर अशासाठी, की एकेकटं पाहिलं तर प्रत्येक दुखणं किरकोळ वाटतं आणि तिन्ही एकत्र आले की कोपर जागेवर राहत नाही. सासूबाईंना फोनवर नाव सांगितलं तर म्हणाल्या, "नावातच अवदसा आहे."

सीटी झालं. दुपारी ती लातूरची मुलगी वॉर्डात आली, संगणकावरचं चित्र मोबाईलवर घेऊन. कोपर मोहरीच्या रंगाचं, हवेत फिरणारं. मी ग्रंथपाल आहे आणि मला वर्गीकरणात रस आहे हे कळल्यावर तिला जणू परीक्षक सापडला. केसपेपरच्या पाठीवर तिनं बॉलपेननं माझं कोपर काढलं, आणि पुढचे चार दिवस, तिची फेरी संपली की, माझ्या खाटेशी आमचा वर्ग भरायचा.

कोपर म्हणजे एक सांधा नाही, एका पिशवीतले तीन सांधे आहेत. दंडाचं हाड आणि अल्ना यांची बिजागरी. दंडाच्या हाडावर फिरणारी रेडियसची गोल टोपी. आणि तीच टोपी अल्नाच्या कडेला घासत फिरते ती तिसरी जागा. बिजागरीनं हात वाकतो, टोपीनं तळवा उताणा-पालथा होतो. कोरोनॉइड हे अल्नाचं पुढे आलेलं नाक. त्याचं काम मला तिनं सांगितलं आणि मी माझ्या भाषेत केलं: कुंभार्ली घाटात बंद पडलेल्या एसटीच्या चाकाखाली दगड लावतात ना, तो दगड. अल्ना मागे घसरू नये म्हणून. आणि लिगामेंट म्हणजे बांधणीचा दोरा. पुठ्ठे कितीही जाड असोत, दोरा सुटला की पुस्तक पानापानानं खाली येतं.

आता वर्ग. रेडियसच्या डोक्याचे प्रकार मेसननं १९५४ साली पाडले, शंभर रुग्ण पाहून. पहिला: चीर आहे पण सरकलेली नाही. दुसरा: कडेचा तुकडा सरकलाय. तिसरा: सगळ्या डोक्याचाच चुरा. मग १९६२ साली जॉन्स्टननं चौथा जोडला: डोकं मोडलंय आणि कोपरही निखळलंय. म्हणजे मूळ यादी नुसती हाडाची होती, सांध्याची आठवण आठ वर्षांनी पुरवणीत आली. पुढे १९८७ साली ब्रोबर्ग आणि मॉरी यांनी दुसऱ्या प्रकाराला माप लावलं, दोन मिलिमीटरपेक्षा जास्त सरकलेला आणि डोक्याच्या निदान तीस टक्के भागाचा तुकडा. गावातल्या एक्सरेत माझा तुकडा 'फारसा सरकलेला नाही' होता. सीटीत तीन मिलिमीटर होता. झाला दुसरा प्रकार.

"पण मी तर निखळूनही आले होते," मी म्हटलं. "मग चौथा का नाही?"

ती हसली. "काकू, तुम्ही निखळलेल्या अवस्थेत आला असता तर पहिल्याच दिवशी कुणीही चौथा लिहिला असता."

वर्गांक पुस्तकात काय आहे त्यावर ठरत नाही, ते टेबलावर कुठल्या पानावर उघडं पडलंय त्यावर ठरतो, हे मला नवं नव्हतं.

कोरोनॉइडवरून मात्र तिची आणि सरांची माझ्या खाटेपाशीच जुंपली. रीगन आणि मॉरी यांची १९८९ ची पद्धत आहे: नुसतं टोक उडालं तर एक, निम्म्या उंचीपर्यंत गेलं तर दोन, निम्म्याच्या वर तीन. ती म्हणाली एक. सर म्हणाले दोन. ती म्हणाली, सर, चिटका आहे. सर म्हणाले, "चिटका एक्सरेत दिसतो तो. हाड तेवढं दिसतं, त्यावरची कूर्चा दिसत नाही. प्रत्यक्षात तुकडा नेहमी फोटोपेक्षा मोठा." ती गप्प बसली, पण पटलेलं दिसलं नाही. दोघंही शिकलेले, फोटो एकच, अंक दोन. आमच्याकडे शेतकऱ्यांच्या प्रश्नावरचं पुस्तक अर्थशास्त्रात ठेवायचं की शेतीत, यावर तालुक्यातले दोन ग्रंथपाल असेच भांडतात. फरक इतकाच, की आमच्या भांडणात चुकलं तर वाचक दुसऱ्या कपाटापर्यंत चालत जातो.

मला खरं आवडलं ते तिनं शेवटी सांगितलेलं. ओ'ड्रिस्कॉल नावाच्या डॉक्टरनं २००३ साली कोरोनॉइडची वेगळीच मांडणी केली. तुकडा किती मोठा हे आधी विचारायचं नाही, कुठला ते विचारायचं. टोकाचा, आतल्या पुढच्या कडेचा, की बुडाचा. कारण जागेवरून तुम्ही कसे पडलात ते कळतं. माझ्यासारखं हात मागे टेकून, कोपर बाहेरच्या अंगाला उघडत गेलं, तर टोक उडतं आणि रेडियसचं डोकं मोडतं. कोपर उलट, आतल्या अंगाला मुडपलं, तर आतली कड मोडते आणि डोकं बहुधा शाबूत राहतं. ते जास्त फसवं, कारण एक्सरे जवळजवळ निर्मळ दिसतो. आकारमानावर रचलेली यादी आणि कारणावर रचलेली यादी यात जमीनअस्मानाचा फरक असतो. आमच्या ग्रंथालयशास्त्रातल्या रंगनाथनांनी १९३३ साली वर्गीकरणाची द्विबिंदू पद्धत काढली ती याच हट्टापायी, की विषयाला एका खणात कोंबू नका, त्याचे पैलू सुटे करा आणि मग जोडा. परीक्षेनंतर मी ती पद्धत कधी वापरली नाही. ती आठवायला कोपर मोडावं लागलं.

अंकांचं सगळ्यात ड्यूईसारखं घराणं म्हणजे एओ. १९५८ साली स्वित्झर्लंडमध्ये स्थापन झालेली शल्यविशारदांची ही मंडळी. त्यांची दशांशाची चाल बघून मला घरच्यासारखं वाटलं. दंड १, कोपराखालचा हात २, मांडी ३, नडगी ४. मग जागा: वरचं टोक १, मधला दांडा २, खालचं टोक ३. म्हणजे दंडाच्या हाडाचं कोपराकडचं टोक १३, आणि खालच्या दोन्ही हाडांची कोपराकडची टोकं मूळ यादीत २१. मूळ अंकात लिगामेंटला खण नाही. २०१८ च्या सुधारणेत मात्र सांधा निखळलाय, लिगामेंट ढिलं आहे, असं सांगणाऱ्या खुणा अंकापुढे कंसात जोडायची सोय केली. म्हणजे 'हेही पाहा'. ती खूण जोडायची आठवण मात्र माणसालाच व्हावी लागते.

अंकाला पोटाचा प्रश्न लागलेला असतो, हे मला कुणी शिकवायला नको. सरकार सार्वजनिक ग्रंथालयांना अ, ब, क, ड असे वर्ग देतं आणि त्यावर अनुदान ठरतं. आमचं ब वर्गात आहे. इथे वॉर्डात वर्गावर ठरत होतं की कोण झोळी घालून घरी जाणार आणि कोणाला खिळे बसणार.

समोरच्या खाटेवर सात वर्षांचा मुलगा होता, जांभळावरून पडलेला. मुलांचं कोपर निखळण्याआधी बहुधा दंडाचं हाड कोपराच्या वर मोडतं. त्याचे गार्टलंडचे तीन प्रकार, १९५९ चे. याचा तिसरा, टोकं पूर्ण सुटलेली. रात्रीच दोन तारा घालून बसवलेला. लातूरची मुलगी दर दोन तासांनी येऊन त्याची मनगटाची नाडी बघायची आणि म्हणायची, "मस्त कर बघू." तो अंगठा आणि तर्जनीची टोकं जुळवून गोल करायचा. तो गोल झाला म्हणजे एक विशिष्ट नस शाबूत. त्याला वाटायचं डॉक्टर कौतुक करतेय. त्याचे वडील आधी त्याला कामट्या बांधायला नेणार होते, चुलत्यानं अडवलं. सुजलेलं कोपर कामट्यांनी करकचून आवळलं की रक्त थांबतं, स्नायू मरतो आणि हात पक्ष्याच्या पंजासारखा आखडून जन्मभर तसाच राहतो. फोल्कमननं १८८१ साली याचं वर्णन लिहिलंय आणि अजून अशी मुलं येतात, असं सर म्हणाले. त्या रात्री मी सासूबाईंना फोन केला आणि हाडवैद्याचा विषय कायमचा मिटवला. वेणी दवाखान्यात आया घालत होती, त्यामुळे धीर आला.

पलीकडे एक शेतकरी आजोबा, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून पडलेले. त्यांच्या अल्नाचा दांडा मोडलेला साध्या डोळ्यांना दिसत होता, पण रेडियसचं डोकं जागेवरून गेलंय हे शोधावं लागलं. याला माँटेजिया म्हणतात. मिलानच्या माँटेजियानं १८१४ साली याचं वर्णन केलं, म्हणजे एक्सरेचा शोध लागायच्या आधी ऐंशी वर्षं, नुसतं बोटांनी चाचपून. उरुग्वेच्या बादोनं १९६७ साली त्याचे चार प्रकार पाडले, डोकं कुठल्या दिशेला गेलंय त्यावरून. इतकं सगळं लिहून ठेवलंय, तरी आजोबांचं डोकंसुद्धा पहिल्या दवाखान्यात निसटलेलंच. मला बरं वाटलं म्हणणं बरोबर नाही, पण एकटं वाटेनासं झालं.

दहाव्या दिवशी ऑपरेशन. भूल फक्त हाताला. गळपट्टीच्या हाडाच्या वर सोनोग्राफीत बघत सुई टोचली आणि पाच-दहा मिनिटांत माझा हात दुसऱ्याचा झाला. कुणीतरी तो उचलून बाजूला ठेवला तेव्हा मला वाटलं दुसऱ्या कुणाचा तरी ठेवतायत. मध्ये हिरवा पडदा. मी जागी. ड्रिलचा आवाज, जळलेल्या नखासारखा बारीक वास आणि सरांचं बोलणं, सगळं कानावर.

कामाचा क्रम आतून बाहेर. आधी कोरोनॉइड, कारण रेडियसचं डोकं एकदा जुळवलं की ते झाकलं जातं. तो चिटका खिळा घेण्याएवढा नव्हता. त्याच्यामागचं सांध्याचं आवरण दोऱ्यात धरून, अल्नाला दोन भोकं पाडून, दोरा मागून बांधला. म्हणजे बांधणीच. मग डोक्याला दोन बिनडोक्याचे स्क्रू, टोपी फिरताना अडकू नये म्हणून पूर्ण आत बुडणारे. मग लिगामेंट.

"बघ," सर त्या मुलीला म्हणाले, "साल निघावी तसं निघालंय. हाड उघडं पडलंय. हे कुठल्या एक्सरेत दिसलं असतं?"

हे बाहेरचं लिगामेंट दंडाच्या हाडापासून सोलून निघालेलं होतं. कोपर निखळतं तेव्हा फाटण्याची सुरुवात इथून होते आणि चीर पुढून-मागून वळसा घेत आतल्या बाजूला जाते. आतलं लिगामेंट सगळ्यात शेवटी. माझी चीर तिथवर पोहोचेपर्यंत मी हात ओढून घेतला होता बहुतेक. सरांनी दंडाच्या हाडात दोऱ्याची खुंटी बसवली आणि लिगामेंट परत आवळलं.

आता हात सोडून बघायचा होता. सी-आर्म, म्हणजे ऑपरेशन चालू असताना एक्सरे दाखवणारं यंत्र, वर आणलं, दंड धरला आणि मनगट मोकळं सोडलं. हात स्वतःच्या वजनानं खाली लोंबला. पडद्याच्या कडेनं मला यंत्राची काच दिसत होती, करडी सावली, त्यात बिजागरीची गोल रेघ.

"उघडतंय का?"

"नाही सर."

"तीस अंशांपर्यंत सोड. आता?"

"केंद्रात आहे."

"आतली बाजू उघडायची गरज नाही. शिवा."

मला 'शिवा' हा शब्द इतका गोड कधी लागला नव्हता.

त्यानंतरचे महिने पटापट सांगण्यासारखे नाहीत आणि सावकाश सांगावेत इतके मनोरंजकही नाहीत. कोपर हा मानी सांधा आहे, चार-सहा आठवडे बांधून ठेवलं तर रुसतो तो रुसतोच. म्हणून सहाव्या दिवशी व्यायाम सुरू. उताणं झोपायचं, दंड छताकडे उभा, तळवा पालथा, आणि हात कपाळाकडे सोडायचा, परत वर न्यायचा. झोपून करायचं कारण उभ्यानं केलं तर हाताचं वजन सांधा खाली ओढतं. तेच वजन झोपल्यावर सांध्याला मिठीत ठेवतं. तळवा पालथा अशासाठी, की त्यानं बाहेरच्या टाक्यांवर ताण येत नाही. हात सरळ करतानाचे शेवटचे तीस अंश सुरुवातीला वर्ज्य. आणि मालिश अजिबात नाही. शेजारणीनं निरगुडीचं तेल आणून दिलं होतं. फिजिओनं बाटली बघितली आणि म्हणाली, "गुडघ्याला लावा, कोपराला नको." ताज्या दुखापतीचं कोपर रगडलं की स्नायूत भलत्या जागी हाड धरतं. तेल सासूबाईंच्या गुडघ्यांना गेलं, त्यांना गुण आला.

फिजिओकडे प्लास्टिकचा कोनमापक होता. दर शनिवारी मोजणी. मी घरी एक वही केली, दाखल नोंदवहीसारख्या रेघा मारून: तारीख, सरळ किती, वाकडा किती, उताणा, पालथा. पहिली नोंद ६० ते ९५. तिसऱ्या आठवड्याला ५० ते ११०. मग महिनाभर ४० ते १२० वर काटा जो अडकला तो हलेचना. मॉरी आणि मंडळींनी १९८१ साली माणसांना रोजची कामं करायला लावून मोजलं होतं, की ३० ते १३० एवढं वाकलं आणि तळवा दोन्हीकडे ५०-५० फिरला की बहुतेक सगळं निभतं. बहुतेक म्हणजे काय, ते मला माझ्या हातानं शिकवलं. १२० ला घास ओठांपर्यंत येतो पण मान पुढे काढावी लागते, कोंबडीसारखी. १२५ ला कानातलं घालता येतं. १३० ला वेणीचं पहिलं पेड. उताण्याचं वेगळंच दुखणं. नवरात्रात देवळात तीर्थ घ्यायला उजवा हात पुढे केला तर तळव्याची ओंजळच होईना. गुरवानं पळी ओतली आणि तीर्थ अंगठ्याच्या बाजूनं साडीवर. मी खांदा वाकवून कसाबसा तळवा आडवा केला. त्यानं न बोलता दुसरी पळी घातली.

डिसेंबरात शेवटची मोजणी: २५ ते १३०, उताणा ६०, पालथा ७०. वहीत लिहून वही बंद केली. वेणी मला आता घालता येते. सकाळी सासूबाई तरीही फणी घेऊन मागे येऊन बसतात आणि मी येत नसल्यासारखं करते.

गावातले डॉक्टर आमचे सभासद आहेत, रहस्यकथांचे वाचक. दत्तजयंतीच्या आदल्या दिवशी पुस्तक परत करायला आले. काउंटरवर पुस्तक ठेवलं आणि म्हणाले, "हात दाखवा बघू." मी लांब केला, वाकवला, तळवा फिरवला. त्यांनी बोटं बाहेरच्या बाजूच्या व्रणावर ठेवून सांधा हलवून पाहिला. बराच वेळ.

"ती फिल्म मी नंतर मागवून बघितली," म्हणाले. "चिटका होता."

"होता," मी म्हटलं.

"आता पडलेला माणूस आला की आवाज किती झाले ते विचारतो."

मी पुस्तक उघडून मागच्या पानावरची तारीख बघितली. सतरा दिवस उशीर होता. उजव्या हातानं शिक्का उचलला, मारला आणि दंड घेतला.